अंडेवाल्याच्या मागं मागं

आरसे काढून पाहिजेत म्हणता? देतो ना. माह्या बापाचं काय जाते! इंडिकेटरबी काढा म्हणता, तेही चारी काढून देतो, पाना हातातच हाय. पण लाइन गेली, अन् अंधारात स्क्रू पडला त सकाळपर्यंत सापडत नाही. लाइन येतपर्यंत बसा त्या टायरवर. अन् तू बे, लंबू, तो मोबाइलचा उजेड बंद कर. डोळ्यात जाते.

गोष्ट? बरं, सांगतो. पण भूतबित मी मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याच्यावर बेतली त्याची गाडी मी याच गॅरेजात याच हातानं दुरुस्त करत होतो, अन् हे सारं त्यानं मले इथंच, तू बसला ना लंबू, त्याच टायरवर बसून सांगतलं. पटलं त घ्या. नाही पटलं त नालीत टाका.

संघदीप म्हणून पोट्टं होतं. जऊळक्यापासून दोन किलोमीटरवर त्याचं गाव. बाप गोविंदा, माय भागिरथाबाई. एकुलता एक पोरगा. तुमच्यासारखाच दीडशहाणा, फक्त गाडी तुमच्यापेक्षा चांगली चालवे. पुढचं चाक उचलून अर्धा किलोमीटर जाये. दोन्ही हात सोडून सीटवर उभा राहे. व्हिडिओ टाके अन् हजार-हजार लोक त्याले दिल पाठवत. बाप बिचारा दम्याचा पेशंट, त्याच्या छातीतली शिट्टी चार घरं पलीकडे ऐकू येई. पोराची माय रोज फाटकाशी येऊन म्हणे, "सावकाश जाय बाप्पा." अन् हा रोज फाटकातूनच चाक उचले.

तारीख सांगतो. पाच नोव्हेंबर दोन हजार बावीस. शनिवार. दिवाळी होऊन बारा दिवस झाले होते, त्रिपुरी पुनवेले तीन दिवस बाकी होते. गावात दिवसभर थ्रेशर चालू होतं. सोयाबीनचं कुटार-भुसा हवेत उडून राह्यलं होतं, अन् गोविंदाले सकाळपासूनच धाप लागली होती. संध्याकाळी साडेसहाले त्यानं तोंडात पंप दाबला त नुसती हवा आली. पंप संपला होता. जऊळक्यात विचारलं, तिथं नव्हता. तालुक्याले, मालेगावले जाणं भाग होतं.

भागिरथाबाई म्हणाली, "शेजारच्या सोमलाभाऊची जीप दारातच उभी हाय. बाबाले जीपमधीच घालून नेऊ ना मालेगावले."

संघदीप हसला. "जीप कायले लागते ओ आई? सोळा किलोमीटर त हाय. जाऊन येऊन पाऊण तास. घड्याळ लावून बस."

खाटेवरून गोविंदानं हात वर केला. बोलायले दम नव्हता, पण पोरावर भरोसा होता. अन् त्या दिवशी पहिल्यांदा माय फाटकाशी येऊन म्हणाली, "लवकर ये."

आता जरा मागं जा लागते. नाही त पुढचं समजत नाही.

तांड्यावर हेमला राठोड म्हणून अंडेवाला होता. पन्नाशीचा माणूस, जुनी खटारा गाडी, मागच्या कॅरिअरवर अंड्यांचे ट्रे एकावर एक रचलेले अन् जुन्या ट्यूबनं आवळलेले. मालेगावहून माल आणे, गावोगाव वाटे. वीस वर्षांत याचं अंडं फुटलं नाही. काहून? तर माणूस गाडी तशी चालवे. रिकाम्या रस्त्यावर, मागं कुत्रंही नसलं तरी, वळायच्या आधी इंडिकेटर दे. समोरून कोणी आलं की आपला लाइट खाली करे. मोड आला की हॉर्न. पोट्टे त्याले "ए अंडं!" म्हणून ओरडत जात. तो हात हालवे. राग माहीतच नव्हता त्याले.

अन् एक सवय होती. आपल्याकडचे लोक कसे हायेत ते तुमाले माहीत हाय. सोयाबीन रस्त्यावर टाकतात, गाड्यांच्या चाकाखाली फुकटची मळणी होते. मालावरून कोणी भलतीकडून जाऊ नये म्हणून कडेनं डोक्याएवढे गोटे मांडतात. संध्याकाळी माल पोत्यात भरून घरी, अन् गोटे रस्त्यावर! दरसाली एखादं पोट्टं त्यावर मरते. दुसऱ्या साली पुन्हा गोटे. अशी आपली जात माणसाची. त हेमला प्रत्येक गोट्यापाशी थांबे. गाडी कडेले लावे, इंडिकेटर चालू ठेवे, खाली उतरून गोटा उचले अन् नालीत टाके. मी एकदा म्हटलं, "हेमला, तू का रस्त्याचा ठेकेदार हायस काय?" त म्हणे, "मिस्तरी, मले त गोटा दिसला. माह्या मागून येणाऱ्याले दिसन का नाही, काय सांगता येते?"

असा माणूस.

एकवीस सालची कोजागिरी. चांदणं टिपूर पडलेलं. संघदीप अन् त्याचा दोस्त रूपला, दोघांनी नवाच खेळ काढला. तेच गोटे उचलून रस्त्याच्या मधोमध नागमोडी मांडले, अन् लाइट बंद करून त्यातून गाड्या काढायच्या. चांदण्यात. व्हिडिओ भारी येते म्हणे! तिकडून हेमला आला. पहिला गोटा दिसला. थांबला. इंडिकेटर लावला. उतरला. चौथा गोटा उचलाले वाकला होता, तेवढ्यात बिनालाइटची गाडी घेऊन संघदीप आला. पुढचं चाक वर होतं, खालचं दिसणार कसं?

हेमला नालीत पडला. मांडी मोडली, हाड बाहेर आलं. पण शुद्धीवर होता. चांगला बोलून राह्यला होता. म्हणे, "पोरांनो, एक फोन लावा. माह्या घरी वाट पाहून राह्यले."

एक फोन. तुमच्या हातात आता जे हाय ना, ते त्या दोघांच्याही खिशात होतं. पण फोन लावला की पोलीस येणार, पोलीस आले की गोटे कोणी मांडले ते निघणार. रूपला म्हणे, "कोणी ना कोणी जाईनच इथून." अन् निघताना... हे सांगताना संघदीप माह्यासमोर तोंड झाकून बसला होता... निघताना त्यांनी ट्रे पाह्यले. एकही अंडं फुटलं नव्हतं. दोन ट्रे काढून घेतले. रूपल्याच्या वावरात जाऊन तेलात परतून खाल्ले. तिकडं हेमलाले मरायले सहा तास लागले. सकाळी गुराख्याले दिसला तेव्हा त्याचा हात नालीच्या काठावर होता. कागदावर आलं, अज्ञात वाहनाची धडक. रूपला पुण्याले निघून गेला. संघदीप इथंच राह्यला, अन् महिन्याभरात पुन्हा चाक उचलू लागला.

बसा रे, उठू नका. अजून गोष्ट सुरू व्हायची हाय.

त पाच नोव्हेंबर. संघदीप सात वाजता मालेगावात. एका दुकानात पंप नव्हता, दुसऱ्यात भेटला. सव्वासातले निघाला. पंप शर्टाच्या आत, छातीशी. पोरगं कसंही असो, बापावर जीव होता त्याचा. मनात एकच, पावणेआठले घरी. गाव सुटलं अन् त्यानं गाडी ऐंशीवर नेली. मायचा फोन आला. एका हातानं उचलला.

"कुठं हायस रे? बाबाले लय धाप लागून राह्यली."

"आलोच. पंधरा मिनिटं."

फोन ठेवला अन् समोर लाल बत्ती दिसली. बारीक, पिवळट लाल. रस्त्याच्या डाव्या बाजूनं, तिशीच्या स्पीडनं चाललेली. मागं काहीतरी उंच रचलेलं होतं. संघदीपनं शिवी हासडली अन् ओव्हरटेक मारायले गाडी उजवीकडं घातली. तर त्या गाडीचा उजवा इंडिकेटर लागला. टिक... टिक... टिक. गाडी शांतपणे मधोमध आली. संघदीपनं करकचून ब्रेक मारला. दुसऱ्याच क्षणी समोरून बिनालाइटचा ट्रॅक्टर गेला, इतका जवळून, की ट्रॉलीतल्या पोत्याचा वारा त्याच्या गालाले लागला. घातली असती पुढं, त तिथंच संपला असता.

त्याले वाटलं, वा! वाचवलं गड्यानं. हात वर करून त्यानं आभारबी मानले.

पुढं ती गाडी थांबली. माणूस उतरला. रस्त्यातला गोटा उचलला. नालीत टाकला. परत बसला. इंडिकेटर. हळूच रस्त्यावर.

शंभर पावलांवर पुन्हा थांबली.

पुन्हा उतरला. पुन्हा गोटा.

संघदीप ओरडला, "ओ भाऊ! बाजूले घ्या ना! माहा बाप बिमार हाय!" माणसानं मान वळवली नाही. बिनघाईनं गोटा नालीत सोडला. खाली धप्प आवाज आला. संघदीपनं संधी साधली, कच्च्या कडेनं गाडी घातली अन् पुढं निघाला. नव्वद. शंभर. मागं पाहायले आरसा नव्हता, तो मीच काढून देला होता. मोड आला. मोड काटला.

समोर लाल बत्ती.

तीच. तिशीच्या स्पीडनं.

आता त्यानं पाह्यलं. कॅरिअरवर ट्रे होते. एकावर एक. वरचे दोन नव्हते. जुनी ट्यूब ढिली पडून लोंबत होती, अन् बाकीचे ट्रे हालत नव्हते. खड्ड्यातून गाडी गेली तरी हालत नव्हते.

त्याले कळलं. सांगायची गरज नव्हती.

तीनदा पुढं गेला तो. तिन्ही वेळा मोडाच्या पलीकडे बत्ती पुढंच. चौथ्यांदा हिंमत झाली नाही. गाडी फिरवून मालेगावले परत जावं म्हटलं, तर पाय जमिनीवरून उचलेना. मायचा फोन पुन्हा आला. आठ वाजून वीस मिनिटं.

"संघदीप... अरे, बाबाचे ओठ निळे पडून राह्यले. मी सोमलाभाऊले आवाज देते, जीप काढाले लावते."

"हाव आई, हाव! जीप काढ! मी..." अन् फोन कटला. त्याच्या जिवात जीव आला. जीप निघाली की पंधरा मिनिटात बाबा दवाखान्यात. मग हा माणूस रात्रभर गोटे उचलो!

पण जीप आली नाही. गावाहून मालेगावले जायले हाच एक रस्ता. समोरून दिवा दिसला की हा पाहे. मोटारसायकल. टेम्पो. जीप नाही. पावणेनऊ झाले. नऊ झाले. मायचे फोन येणंही बंद झालं. त्यानं लावला. रिंग गेली. कोणीतरी उचलला.

"हॅलो? आई?"

कोणी बोललं नाही. बापाची शिट्टी ऐकू आली... लांब... तुटक. अन् तिच्यामागं, अगदी जवळून...

टिक... टिक... टिक.

समोर तो माणूस गोट्यापाशी वाकलेला होता. त्याचा इंडिकेटर लागलेला होता. दोन्ही आवाज एकाच तालात.

संघदीप गाडीवरून उतरला. रस्त्यावर गुडघे टेकले. रडला. "हेमलाकाका, माहं चुकलं... मले मारा. मले नालीत टाका. पण हा पंप... हा पंप तेवढा जाऊ द्या. माहा बाप मरून राह्यला हो. त्यानं तुमचं काय केलं?"

माणूस थांबला. गोटा हातात होता. तोंड अंधारातच. आवाज आला, तो रागाचा नव्हता. रागाचा असता त बरं झालं असतं, संघदीप म्हणे. शेजाऱ्याशी बोलावं तसा आवाज.

"माह्याबी घरी वाट पाहून राह्यले होते."

गोटा नालीत. धप्प.

गाडीवर बसला. मागं न पाहता, हातानं खूण केली... माह्या मागं ये.

अन् हा गेला. काय करणार? तिशीनं. डाव्या बाजूनं. मोडावर हॉर्न देत. समोरून गाडी आली की लाइट खाली करत. त्याच्या हातानं आयुष्यात पहिल्यांदा त्या सगळ्या गोष्टी केल्या. एकूणएक खड्डा चुकवला. केसालेही धक्का लागला नाही त्याच्या. छातीशी पंप होता, नवा, अख्खा. गावाचा फाटा आला तेव्हा पुढच्या गाडीनं डावा इंडिकेटर देला, सावकाश वळली, अन् बाभळीच्या अंधारात बत्ती विझली.

साडेनऊ वाजून गेले होते. संघदीपनं गाडी फाटकाबाहेरच पाडली अन् धावला.

अंगणात, मोकळी हवा लागावी म्हणून, खाट बाहेर काढली होती. गोविंदा खाटेवर होता. उजवा हात रस्त्याच्या दिशेनं पुढं केलेला. तसाच ताठ. भागिरथाबाई पायथ्याशी बसली होती. रडत नव्हती. तिले अजून समजलंच नव्हतं बिचारीले.

"झोपला आताच," ती म्हणाली. "दहा मिनिटं झाले. शिट्टी थांबली."

संघदीपनं पंप काढला. बापाच्या तोंडात घातला. दाबला. दाबला. दाबत राह्यला.

"आई, जीप काहून नाही काढली? तू म्हटलं होतं ना, जीप..."

"निघालीच होती मी सोमलाभाऊकडं. पण तुहा दोस्त आला ना." माय शांतपणे सांगून राह्यली होती. "भला माणूस. म्हणे, बाई, कायले जाता? पोरगा माह्या मागंच हाय. सावकाश येऊन राह्यला. सावकाश येणारा पोचते. मले इतकं बरं वाटलं रे. म्हटलं, चला, माह्या पोरानं एक दिवस त ऐकलं माहं. तो बाबाच्या उशाशी बसला. बाबाले दम लागला की म्हणे, वाट पाहा दादा, पोरगा येईन. माह्यासाठी फोनबी त्यानंच उचलला. चहा करते म्हटलं, त नको म्हणे. तू येतपर्यंत बसून राह्यला."

"कोण होता, आई?"

"तोंड नाही पाह्यलं बा. अंधार होता. पायी आला."

आसपासची माणसं जमली. सोमला आपल्या जीपच्या किल्ल्या हातात घेऊन उभा होता, सारखा म्हणे, मले आवाज देला असता, मी दारातच होतो. त्या रात्रीपासून संघदीप गाडीवर बसला नाही. आताही पाहाल, मालेगावले जायचं असलं त पहाटे पायी निघते, रस्त्याच्या डाव्या कडेनं. लोक म्हणतात बापाच्या दुःखानं डोकं फिरलं. म्हणू द्या.

सकाळी मयतीले मी गेलो होतो. उजेड पडला तेव्हा बाया कुजबुजू लागल्या, म्हणून पाह्यलं. भागिरथाबाईनं आदल्या दिवशी दुपारी अंगण सारवलं होतं, दवानं ओलं होतं अजून. संघदीपची गाडी फाटकाबाहेर पडलेली, तिचं चाक आत आलंच नव्हतं. अन् त्या सारवणावर फाटकापासून खाटेच्या उशापर्यंत टायरचा माग होता. बारीक, झिजलेला टायर. चाळीस साल झाले मले टायर पाहायले. इतका सरळ माग मी दुसरा पाह्यला नाही, मागचं चाक बरोबर पुढच्या चाकाच्या मागावरून गेलेलं. उशापाशी स्टँडचा खड्डा होता, बोटभर खोल. गाडी चांगली तासभर उभी असन.

मी वाकून सारं अंगण पाह्यलं. सोमलानं पाह्यलं. भिंतीपर्यंत पाह्यलं.

आलेला माग होता. गेलेला नव्हता.